दुसऱ्याच्या नावानं ओ

रेश्माने तिला तीनदा हाक मारली. पहिली साध्या आवाजात, दुसरी जरा लांबवून आणि तिसरी टेबलावर बोटं वाजवून. गौतमीने तिन्ही ऐकल्या. ऐकल्या नसत्या तर काही बिघडलं नसतं, सोमवारच्या मीटिंगमध्ये कोणाचं लक्ष असतं म्हणा. पण तिने त्या स्वच्छ ऐकल्या, आणि ही गौतमी कोण, ओ का देत नाही, म्हणून बाकीच्या सहा जणांसारखीच ती टेबलाभोवती बघत राहिली. मग सहाही जण तिच्याकडेच बघतायत हे तिच्या ध्यानात आलं. कोणीतरी हसलं. ‘सॉरी, सॉरी,’ ती म्हणाली आणि समोरच्या कागदात तोंड घातलं. कागदावर हिंजवडीच्या त्या ऑफिसमधल्या सर्वांत जुन्या सर्व्हरचे नेटवर्कवरचे पत्ते होते, एकाखाली एक, एकोणीस. ‘तू हे उद्या घरूनच करून टाक,’ रेश्मा म्हणत होती, ‘मेलेले पत्ते काढून टाक. नव्वद दिवसांत ज्याला कोणी विचारलं नाही तो मेला असं धर.’ रेश्मा तिची वरिष्ठ होती, मनाने चांगली होती, आणि सांगितलेलं काम गौतमी बिनचूक करते हे तिला आठ वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. बाहेर लिफ्टपाशी तिने गौतमीला गाठून विचारलंही, ‘घरी सगळं बरं आहे ना गं?’ गौतमी म्हणाली, ‘बरं आहे.’ बरं नसतं तेव्हा माणूस दुसरं काय म्हणतो?

परतीच्या कॅबमध्ये माणचा चौक ओलांडायलाच पाऊण तास गेला. एरवी या वेळात ती डुलकी काढायची. आज तिने डोळे मिटून मनातल्या मनात स्वतःला हाक मारून बघितली. गौतमी. पोटात काही हललं नाही. मग तिने मनातच म्हटलं, रवी. आणि ओठ गोल झाले, ओ द्यायला. ती घाबरली. अगदी खरीखुरी घाबरली, अंधाऱ्या खोलीत आपल्याखेरीज आणखी कोणी आहे असं वाटल्यावर माणूस घाबरतं तशी. तिने डोळे उघडले. घोटावड्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला होता, दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचा वास होता आणि कुठल्यातरी फार्महाऊसच्या भिंतीवर रंगीत दिवे सोडायचं काम चाललं होतं. शेवटची हाक कधी आली होती आपल्या नावाची घरात? दिवाळीच्या आधी? त्याच्याही आधी? ती रिह्यात, आपल्या गावात, उतरेपर्यंत आठवत होती, पण तिला आठवलं नाही.

रवी तिचा मोठा भाऊ. कंपनीची कॅब चालवायचा, याच रस्त्याने, रोज दोन फेऱ्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तापाने तीन दिवसांत गेला. दवाखान्यातून परस्पर नेला त्याला. भीमाबाईला, म्हणजे आईला, त्याचं तोंड बघायला मिळालं नाही. विहारात पुण्यानुमोदन झालं, फोटो लागला, वस्तीतली माणसं येऊन बसून गेली. आईने सगळं केलं, सगळ्यांना चहा दिला, पण तिच्या आत कुठेतरी ती बातमी पोचलीच नाही. पुढे वर्षा-दीड वर्षात ती एकेक गोष्ट विसरायला लागली. गॅस, चप्पल, वार. विसरण्याच्या त्या गर्दीत रवी गेलेला आहे ही गोष्ट सगळ्यांत आधी निसटली. एका सकाळी तिने परसातून हाक मारली, ‘रवी, आरं रवी, पानी तापलंय.’ गौतमी आत भाकरी थापत होती. तिने ऐकलं आणि हात थांबला. आईने दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली, आणि तिसऱ्या हाकेत आवाज चिरकला. चौथ्या हाकेला आई रस्त्याकडे पळत सुटेल असं गौतमीला वाटलं आणि तिने आतून म्हटलं, ‘ओ.’ एवढंच. आई लगेच गप झाली. बादली भरल्याचा आवाज आला. त्या दिवशी गौतमीला हलकं वाटलं होतं, हे खरं. एका अक्षराने आईचा जीव भांड्यात पडतो तर कोण देणार नाही? मग रोजचंच झालं. रवीच्या नावाने ओ. मग आईच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने. कधी आई म्हणायची, ‘आवो, ऐकलं का?’ आणि गौतमी दहा वर्षांपूर्वी गेलेल्या बापाच्या वतीने म्हणायची, ‘हां.’ एक बाई, एक तोंड, आणि तिच्यावर टांगलेली इतकी नावं. ज्या दिवशी ऑफिसला जायचं त्या दिवशी शेजारच्या गोजराबाई आईपाशी येऊन बसत. त्या एकदा म्हणाल्या, ‘पोरी, मेलेल्याच्या नावानं ओ देऊ नगं. नाव अंगाला चिकटतं.’ गौतमीने हसण्यावारी नेलं. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारं घर नव्हतं ते. बाबांनी ठेवूच दिला नसता.

बाबा, ज्ञानदेव ओव्हाळ, पौडच्या तहसील कचेरीत शिपाई होते. तहसीलदारांपुढे केस निघाली की व्हरांड्यात येऊन पक्षकाराच्या नावाचा पुकारा करायचा हे त्यांचं काम, आणि त्यांचा आवाज एसटी स्टँडपर्यंत जायचा. तीन वेळा पुकारायचं. तिसऱ्यालाही कोणी पुढे आलं नाही की आत कारकून लिहायचा, गैरहजर. जुन्या सातबाऱ्यांवरची अर्धी माणसं मेलेलीच असत, पण कागदावर ती जिवंत असत, म्हणून बाबांना त्यांचाही पुकारा करावा लागे. ‘आज चार मेलेल्यांना बोलावून आलो,’ घरी आल्यावर ते हात-पाय धुता धुता सांगायचे. ‘एक बी आला न्हाई.’ त्यावर ते स्वतःच हसत. घरी येतानाही अंगणात उभं राहून त्यांचा पुकारा व्हायचा. ‘रवी ज्ञानदेव ओव्हाळ, हाजीर हो!’ ‘गौतमी ज्ञानदेव ओव्हाळ, हाजीर हो!’ पोरांनी ओ देत पळत यायचं आणि पौडच्या बाजारातली रेवडी घ्यायची. तीन पुकाऱ्यांत जो आला नाही त्याची रेवडी जप्त. रवी कायम नदीवर असायचा. तेव्हा आई चुलीपासून त्याच्या नावाने ओ द्यायची, आवाज जाड करून. बाबा खोटंखोटं रागवायचे, ‘दुसऱ्याच्या नावानं ओ द्यायची न्हाई, गुन्हा हाय त्यो!’ आणि तरी रवीची रेवडी आईच्या हातावर ठेवायचे. गौतमीच्या नावाने आईला कधी ओ द्यावी लागली नाही. ती नेहमी हजर असायची. पुकारा व्हायच्या आधीच अंगणात येऊन उभी असायची ती.

त्या रात्रीच तिने ठरवून टाकलं. उद्यापासून रवीच्या नावाने ओ द्यायची नाही. मंगळवारी सकाळी आईने खाटेवरून हाक मारली, ‘रवी.’ गौतमी शेजारच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली होती. ती बोलली नाही. ‘रवी, आरं कुटं हायेस?’ तिने ओठ घट्ट मिटून घेतले. तिसऱ्या हाकेला ती उठून आईसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘आई, मी हाय. गौतमी.’ भीमाबाईने तिच्याकडे नीट बघितलं, वरून खाली, परकी बाई दारात आल्यावर बघतात तसं. ‘गौतमी कंपनीत गेलीया,’ ती म्हणाली. ‘सांजच्याला येती. तुमी कोन म्हनायच्या?’ तुमी. आईने तिला अहोजाहो केलं. गौतमीला त्या एका शब्दाचा जितका राग आला तितका आयुष्यात कशाचा आला नव्हता. ती म्हणाली, ‘आई, नीट बघ की गं, मी तुझी गौतमी.’ आईने नम्रपणे मान हलवली, पाहुण्यांचं मन मोडू नये म्हणून हलवतात तशी, आणि भिंतीकडे तोंड केलं. दुपारी ती जेवली नाही. ताट तसंच राहिलं. भात वाळला, कालवणावर साय धरली. गौतमीने दोनदा म्हटलं, आई घास खा, आणि आई दोन्ही वेळा म्हणाली, ‘पोरं येऊ द्या.’ पोरं म्हणजे कोण, हे विचारायचं धैर्य गौतमीला झालं नाही. एक पोरगा नाही आणि एक पोरगी समोर बसलेली. आपण हिच्या आठवणीत कुठे शिल्लक आहोत की रवीला ओ देता देता आपणच तिथली आपली जागा पुसून टाकली, एवढं एकच तिला जाणून घ्यायचं होतं. ते विचारणार कुणाला?

तीनच्या सुमाराला तिने पत्त्यांची यादी काढली. काम सोपं होतं. त्या जुन्या यंत्राला एकच नेटवर्क कार्ड, त्यात एकच केबल, पण गेल्या कितीतरी वर्षांत ज्याला जशी गरज पडली तसे त्या एका कार्डावर पत्ते चढवत गेले होते. पहिला दहा नंबरचा, यंत्राचा स्वतःचा. मग अकरा, चौदा, पंधरा, असं करत पुढचे अठरा, सगळे त्या पहिल्याच्या पाठीवर. कोणत्याही पत्त्याने हाक मारा, ओ देणार ते एकच कार्ड. तिने सवयीप्रमाणे प्रत्येकाला तीन-तीनदा पिंग करून बघितलं, म्हणजे हाकच मारून बघितली. एकोणीसच्या एकोणीस पत्त्यांनी ओ दिली. देणारच. पत्ता कार्डावर आहे तोवर ते ओ देतं, मागे काम करणारं काही उरलेलं असो नसो. बाराव्या पत्त्यावरची वेबसाइट सहा वर्षांपूर्वी बंद झालेली, आणि तरी तो बिचारा तत्परतेने म्हणत होता, आहे, आहे, आहे. मग तिने नव्वद दिवसांच्या नोंदी बघितल्या. सहा पत्त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांतला एक होता दहा नंबरचा. गंमतच होती. सगळे जण पुढच्या अठरांना हाका मारत होते आणि ज्याचं ते घर त्याला तीन महिन्यांत एकानेही विचारलं नव्हतं. नियमाप्रमाणे तो मेलेला होता.

पहिला पत्ता काढला की त्याच्या पाठीवरचे सगळे आपोआप पडतात, हे तिला माहीत होतं. ऑफिसातल्या साहिलला तिनेच ते कधीतरी शिकवलं होतं. पण यंत्रात एक सोय असते, पहिला गेला तर दुसऱ्याला पुढे करायची, आणि ती सोय या यंत्रावर चालू असणार असं ती धरून चालली. धरून चालली कारण तिच्या घरात ती कायम चालू होती. बाबा गेले तेव्हा रवी पुढे झाला. रवी गेला तेव्हा ती पुढे झाली, कोणाला सांगावं लागलं नाही, घर एक दिवससुद्धा थांबलं नाही. आतून आईची हाक आली, ‘रवी,’ सकाळपेक्षा बारीक आवाजात, उपाशी माणसाच्या. गौतमीने तिकडे मान वळवली, परत पडद्याकडे बघितलं, आणि दहा नंबर काढून टाकला. पडदा गोठला. तिने एक बटण दाबलं, मग दुसरं. काही नाही. तिने अकराला हाक मारली, चौदाला मारली, पंधराला मारली. तीन-तीनदा. कोणीही ओ देईना. एकोणीस पत्त्यांचं ते यंत्र तिकडे हिंजवडीत सातव्या मजल्यावर धडधाकट चालू होतं आणि जगात त्याला एकही नाव उरलं नव्हतं. आईही गप होती. आठ वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं.

दोन मिनिटांत साहिलचा फोन आला. ‘ताई, सगळं पडलंय. पलीकडच्या सगळ्या टीम्स ओरडतायत.’ ती म्हणाली, ‘माझ्या हातून झालं. तू सर्व्हर रूममध्ये जा, यंत्रासमोर कीबोर्ड घेऊन उभा राहा. मी सांगते तसे पत्ते परत घाल.’ साहिल पोचला. पलीकडून पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. ‘सांग. पहिला कुठला?’ ‘दहा.’ ‘दहा? तो तर कोणी वापरतच नाही ना?’ ‘आधी दहा घाल साहिल,’ ती जवळजवळ ओरडली. ‘त्याच्याशिवाय बाकीचे उभे राहणार नाहीत.’ तो म्हणाला, ‘घातला. आला.’ मग घरघरीतून नीट ऐकू जावं म्हणून ती उठून खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि मोठ्याने सांगू लागली. ‘अकरा.’ ‘आला.’ ‘चौदा.’ ‘आला.’ ‘पंधरा.’ दर आकड्यापाशी थोडं थांबायचं, पलीकडून ओ येईपर्यंत. आकडा लांबवून म्हणायचा, शेवट वर उचलून. सहाव्या-सातव्या आकड्याला तिला स्वतःलाच ऐकू आलं की हा आपला आवाज नाही. हा पौडच्या व्हरांड्यातला आवाज आहे. बाबांचाच. तिच्या गळ्यात तो इतकी वर्षं पडून होता आणि तिला पत्ता नव्हता. ती थांबली नाही. ‘एकोणीस.’ ‘आला.’ ‘बावीस.’ ‘आला.’ शेवटचा पत्ता आला तेव्हा साहिल म्हणाला, ‘झालं ताई. सगळे हजर.’ तो सहज म्हणाला. तिने फोन ठेवला आणि बघितलं तर दाराच्या चौकटीला धरून आई उभी होती.

‘ह्ये आले व्हय तालुक्यावरनं?’ भीमाबाईने विचारलं. तिचा चेहरा कित्येक महिन्यांत दिसला नव्हता इतका जागा होता. ‘पुकारा ऐकला म्या.’ ‘हां,’ गौतमी म्हणाली. ‘कुनाकुनाचा केला?’ ‘सगळ्यांचा केला, आई.’ ‘सगळ्यांचा कुटं?’ आईच्या आवाजाला धार आली. ‘मी कान देऊन ऐकत हुते की. माझ्या गौतमीचं नाव न्हाई घेतलं. सकाळधरनं पोर आली न्हाई घरला, जेवली न्हाई, मी बी घास तोडला न्हाई तिच्यापायी, आन् तिचाच पुकारा न्हाई?’ गौतमीने खुर्चीची पाठ धरली. सकाळपासून ताट कोणासाठी वाळत होतं ते तिला आत्ता कळलं. आई म्हणाली, ‘कर. हितं नगं, भायेर अंगनात उभं ऱ्हाऊन कर. तिला ऐकू गेलं पायजे.’

तिला सांगता आलं असतं, आई, मीच ती. सकाळी सांगून बघितलंच होतं. ती अंगणात गेली. पलीकडच्या खळ्यावर गोजराबाई सुपाने भात वारवत होत्या, त्या थांबल्या. ऊन उतरणीला लागलं होतं. अंगणात जिथे बाबा उभे राहायचे तिथे, नळाच्या बाजूला, ती उभी राहिली, रस्त्याकडे तोंड करून, आणि तिने स्वतःच्या नावाचा पुकारा केला. ‘गौतमी ज्ञानदेव ओव्हाळ, हाजीर हो!’ आवाज रस्त्यापर्यंत गेला. तिथून एक पाण्याचा टँकर गेला. तिला भयंकर भीती वाटत होती. कोणी ओ दिली तर, याची. आणि कोणी दिली नाही तर, याचीही. ‘गौतमी ज्ञानदेव ओव्हाळ, हाजीर हो!’ गोजराबाईंनी सूप खाली ठेवून पदर तोंडाला लावला. गौतमीने तोंड उघडलं, ओ द्यायला, आपल्याच नावाने, एवढं साधं एक अक्षर, आणि ते तिच्या गळ्यातून निघेना. दुसऱ्यांची नावं त्या वाटेने इतकी गेली होती की तिचं नाव वाट विसरलं होतं. मग तिसरा पुकारा. तिसऱ्यानंतर कारकून लिहितो. ती तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा आवाज फाटला आणि नाव अर्ध्यावरच राहिलं, ‘गौतमी ज्ञान...’

‘ओ!’ मागून आवाज आला. बारीक, लाडिक, पोरसवदा आवाज काढलेला. ‘ओ, आले, आले!’

गौतमी गर्रकन वळली. उंबऱ्यात भीमाबाई उभी होती, एका हाताने चौकट धरून, दुसरा हात पुढे पसरलेला, रेवडी घ्यायला पसरतात तसा. गौतमी बघतीय हे पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच, गुन्ह्यात सामील करून घ्यावं तसं म्हणाली, ‘गप ऱ्हा. सांगू नगंस ह्यांस्नी. ती यीस्तवर मी ओ देते तिच्या नावानं. न्हायतर गैरहजर लिवत्याल पोरीला.’

गौतमी नळापाशीच खाली बसली आणि रडली. गोजराबाईंसमोर, रस्त्यावरून जाणाऱ्यांसमोर, अगदी लहान पोरासारखी रडली. तिचं नाव आईपाशी होतं. तिला ओळखत नव्हती आई, आणि तरी तिचं नाव जिवापाड धरून बसली होती, उपाशीपोटी, कोणी ते खोडू नये म्हणून. आत फोन वाजत होता, रेश्माचा असणार. तो वाजून थांबला. थोड्या वेळाने आई आत गेल्याचा, खाट करकरल्याचा आवाज आला, आणि मग नेहमीच्या आवाजात, निवांत, हाक आली.

‘रवी, आरं वाईच पानी दे.’

‘ओ,’ गौतमी म्हणाली, आणि पदराने तोंड पुसून पाणी आणायला आत गेली.